ट्यूबलेस करून दीड वर्ष झालं: सराटे, चीक आणि एक रेस

दोन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात पुण्याजवळच्या एका लोकल क्रॉसकंट्री (कच्च्या, खडबडीत वाटांवरच्या) सायकल रेसमध्ये मी दुसऱ्याच लॅपला सायकल खांद्यावर टाकून चालत परत आले. पहिली ट्यूब गेली, बदलली. पाच मिनिटांत दुसरी गेली. तिसरी माझ्याकडे नव्हती. मग बांधावर बसून टायर उलटं केलं तर आतून सराटे बाहेर डोकावतायत, एकूण अकरा. मोजले, कारण दुसरं काही करायला नव्हतं आणि रडणं बरं दिसलं नसतं, बाजूला एक आजोबा शेळ्या घेऊन उभे होते आणि ते इतक्या इंटरेस्टने बघत होते की काय सांगू. शेवटी म्हणाले, "ताई, बैलगाडीचं चाक लावा, त्याला काय होत नाय."

तर हा रिव्ह्यू त्या अकरा सराट्यांमुळे. एमटीबी, म्हणजे माउंटन बाईक, ट्यूबलेस (आत ट्यूब नाही, भोक बुजवायला पातळ सीलंट) करून मला आता दीड वर्ष झालंय, त्यात दोन पावसाळे, एक उन्हाळा आणि एक पूर्ण रेस झाली. "ट्यूबलेस करू का" असं मला आठवड्याला कोणीतरी विचारतं आणि दरवेळी मी अर्धा तास बोलते, म्हणून एकदाच लिहून टाकते.

सराटा माहीत नसेल तर तुम्ही एकतर फार नशीबवान आहात नाहीतर फक्त हायवेला चालवता. हरभऱ्याएवढं वाळकं फळ, त्याचे फुटून तुकडे होतात आणि तुकडा कसाही पडला तरी एक काटा वर. पावसाळ्यात बारकी पिवळी फुलं येतात तेव्हा छान दिसतो, दिवाळीनंतर वाळला की खरा रंग दाखवतो, आणि आपला रायडिंगचा सगळा सीझन नेमका दिवाळीनंतरच. काष्ठौषधीच्या दुकानात हाच गोखरू म्हणून पैसे देऊन मिळतो, कोणाला हवा असेल तर माझ्याकडून फुकट घेऊन जा. त्यात आपल्या टेकड्यांवर बाभळीचे काटे वेगळे. बाभळीचा काटा लांब असतो पण तो दिसतो तरी, चुकवता येतो. सराटा दिसत नाही.

आता खरं सांगायचं तर माझा प्लॅन ट्यूबलेसचा नव्हताच. माझी सायकल म्हणजे एंट्री लेव्हल हार्डटेल (सस्पेन्शन फक्त पुढे), 29 इंची चाकं, पुढे तीन मागे आठ गिअर, आणि माझ्या डोक्यात हवा होती वन बाय ट्वेल्व्हची, म्हणजे पुढे एक मागे बारा. शिमानोचा डिओरे एम 6100, 10-51 दातांची कॅसेट (मागच्या गिअरचक्रांचा संच), पुढे एकच चेनरिंग, सगळे रेसवाले तेच वापरतात. पैसेही साठवले होते. मग कळलं की ती 10 दातांची कॅसेट मायक्रो स्प्लाइन नावाच्या वेगळ्या फ्रीहबवरच (हबचा कॅसेट बसते तो भाग) बसते, माझ्या हबवर बसतच नाही, म्हणजे हब नवीन, म्हणजे खरं तर मागचं चाकच नवीन. जुन्या हबवर बसणारी 11 स्पीडची 11-51 आहे त्याच कंपनीची, ते मधलं गणित जमतं, पण तेवढ्यात आमच्या ग्रुपमधल्या एका सीनियर दादाने मला शांतपणे विचारलं की तू रेस गिअरमुळे सोडलीस का हवेमुळे? झालं. गिअरचे पैसे टायरला गेले.

टायर घेतलं मॅक्सिस आयकॉन, 29 बाय 2.2, फोल्डिंग, ट्यूबलेस रेडी. तैवानची कंपनी, एक्ससी म्हणजे क्रॉसकंट्री रेसचं टायर, बारीक बारीक जवळजवळ बसवलेले नॉब्ज (टायरवरचे उंचवटे), कोरड्या मुरमावर असं पळतं की पहिल्या दिवशी मला वाटलं आज वारा पाठीमागून आहे. घेताना एवढं बघाच की टायरच्या बाजूला टीआर किंवा ट्यूबलेस रेडी लिहिलेलं हवं. सायकलबरोबर येणारं तारेच्या बीडचं (बीड म्हणजे रिमला धरणारी टायरची कड) जड टायर बऱ्याचदा ट्यूबलेसचं नसतं, ते कसंबसं बसवणारे लोक आहेत पण मी त्या भानगडीत पडले नाही, उतारावर टायर रिममधून सुटणं ही गोष्ट यूट्यूबवर बघायला मजेशीर, स्वतः करायला नाही. रिमचंही तेच. माझ्या रिमवर सुदैवाने ट्यूबलेस रेडीचा स्टिकर होता जो मी तीन वर्षं डेकोरेशन समजत होते.

थोडा इतिहास, कारण मला आवडतो. माउंटन बाईकला ट्यूबलेस आणलं माविकने 1999 मध्ये, यूएसटी नावाने, खास रिम खास टायर, महाग आणि जड. मग स्टॅन कोझिएटेक नावाच्या अमेरिकन माणसाने 2001 च्या सुमारास साध्या रिमला टेप आणि आत पातळ लॅटेक्सचं सीलंट घालून तेच काम करून दाखवलं, स्टॅन्स नोट्यूब्स म्हणतात ती हीच कंपनी. आज आपण सगळे जे करतो ते मुळात त्याचंच, फक्त बाटलीचे रंग बदललेत. लॅटेक्स म्हणजे काय, तर चीक. भोक पडलं की हवेबरोबर चीक बाहेर येतो, भोकाच्या तोंडाशी साकळतो आणि बूच बसतं. आपल्याकडे रुईचं पान तोडल्यावर जे होतं तेच.

आणि इथेच माझा पहिला घोळ झाला. आधी मी एका सायकलच्या दुकानात गेले, नाव नको, तिथला मुलगा म्हणाला मॅडम स्कूटरला घालतो तेच घालू ना, स्वस्त पडेल, आणि त्याने एक हिरव्या रंगाच्या जाड जेलचा कॅन काढला. मी चाक उचललं आणि घरी आले. ते जेल स्कूटरच्या टायरसाठी असतं, वजनदार, सायकलच्या टायरमध्ये एका जागी बसून राहतं आणि व्हॉल्व्हही तुंबवतं. मग ठरवलं, घरीच करू.

रविवार सकाळ, गॅलरी, वर्तमानपत्र पसरलं, जुनी रिमची रबरी पट्टी काढली, सीलंटची बाटली हलवून उघडली आणि अर्थातच थोडं सांडलं. सासूबाई चहा घेऊन आल्या, पांढरं बघून म्हणाल्या, "हा कसला चीक सांडलास?" मी समजावलं. सासूबाई राजापूरच्या, चिकाच्या बाबतीत त्यांना कोणी शिकवायची गरज नाही, आत गेल्या आणि खोबरेलाची वाटी घेऊन आल्या. "फणस फोडताना लावतो तसं हातांना लाव आधी, नाहीतर रात्रीपर्यंत बोटं चिकटतील." इतकं लॉजिकल वाटलं की मी लावलं. दोन्ही हातांना, मस्त कोपरापर्यंत. आणि मग त्याच हातांनी रिम टेप लावली.

ज्यांना कळलं ते हसले असतील. टेप चिकटायला रिम कोरडी ठणठणीत लागते, आधी स्पिरिटने पुसून घ्यायची असते, आणि मी तिला अभ्यंगस्नान घातलं होतं. तेव्हा कळलं नाही. टायर बसलं, हवा राहिली, मी खूश. दुसऱ्या दिवशी सकाळी टायर अर्धं सपाट. हवा भरली. तिसऱ्या दिवशी परत. आठवडाभर मी सीलंटला शिव्या दिल्या, व्हॉल्व्हला शिव्या दिल्या, मग नीट कान लावून ऐकलं तर स्पोकच्या भोकातून बारीक सुस्स येतंय, म्हणजे हवा टेपखालून जातेय. सगळं उघडलं तर टेप एका कडेने पुरी फुगावी तशी उचललेली आणि खालून खोबरेलाचा वास. सासूबाईंना अजून सांगितलेलं नाही. त्यांची पद्धत बरोबरच आहे, फक्त टेप आधी, तेल नंतर, सीलंट भरायच्या वेळी.

टेपची रुंदी हा दुसरा मुद्दा ज्यात लोक चुकतात. रिमची आतली रुंदी मोजा आणि टेप त्याहून चार-पाच मिलिमीटर रुंद घ्या, माझी रिम आतून 25 आहे, मी 30 ची घेतली. टेप दोन्ही कडांच्या खाचेत चढली पाहिजे, नुसती स्पोकची भोकं झाकून उपयोग नाही. ताणून लावायची, अंगठ्याने दाबत दाबत, हवेचा बुडबुडा दिसला की तिथेच परत दाबायचं. मी दुसऱ्यांदा केलं तेव्हा पाऊण तास फक्त टेपला दिला आणि ती टेप आजपर्यंत आहे.

टायर चढवलं, एक बाजू उघडी ठेवून सीलंट ओतलं, 29 इंचीला साधारण 100 मिली, पहिल्यांदा थोडं जास्तच घाला कारण कोरडं टायर आतून पितं. मग हवा. आणि इथे साधा फ्लोअर पंप रुसतो. तुम्ही जीव तोडून मारता आणि हवा सगळ्या बाजूंनी निघून जाते. युक्ती अशी की व्हॉल्व्हचा आतला कोअर काढायचा म्हणजे हवा एकदम आत शिरते, आणि बीडला साबणाचं पाणी फासायचं. तरीही नाही झालं तर पेट्रोल पंप, पण प्रेस्टा व्हॉल्व्हला लागणारं पितळी अडॉप्टर खिशात न्या, पंपावरचा दादा त्या बारीक व्हॉल्व्हकडे बघून "हे काय इंजेक्शन आहे का" असं विचारतोच. टायर रिमवर बसताना टण्ण टण्ण असे दोन-तीन आवाज येतात, पहिल्यांदा मी दोन पावलं मागे उडी मारली होती. आता तो आवाज मला आवडतो, कुकरच्या शिट्टीसारखा, झालं म्हणजे झालं.

चालवायला कसं आहे हे खरं तर पंक्चरपेक्षा जास्त महत्त्वाचं आणि हे मला कोणी आधी सांगितलंच नव्हतं. ट्यूब असताना मी मागे हवेचा दाब 35 पीएसआय ठेवायचे, कमी ठेवलं की दगडावर आपटून ट्यूब रिम आणि दगडाच्या मध्ये चिमटली जायची, साप चावल्यासारखी दोन भोकं. ट्यूबच नाही म्हटल्यावर चिमटायला काही उरलं नाही. माझं वजन 58, आता पुढे 19 आणि मागे 22 ठेवते. फरक असा की आधी सुट्या खडीवर चाक प्रत्येक दगडावरून टुणटुण उडायचं, आता दगडाला धरून त्याच्यावरून जातं. वेताळ टेकडीवर खाणीच्या बाजूला एक चढ आहे, छोटाच, पण वरच्या टप्प्यावर सुटे दगड, तिथे माझं मागचं चाक कायम घसरायचं आणि मी पाय टेकायचे. तो चढ पहिल्याच आठवड्यात न थांबता झाला. माझे पाय तेच, गिअर तेच, दमही तोच.

पण फार कमी ठेवू नका. वळणावर जोरात दाब आला की टायर रिमपासून क्षणभर सुटतं आणि फस्स करून थोडी हवा सोडतं, त्याला बर्प म्हणतात, आणि आवाज खरंच जेवणानंतरच्या ढेकरेसारखा. मी एकदा 15 वर नेऊन बघितलं, ढेकर आलाच, वर रिम दगडावर खणकन वाजली. परत 19.

आता रेस. तीच रेस, तेच गाव, पुढचा हिवाळा, मुलींच्या ओपन कॅटेगरीत आम्ही नऊ जणी. चार लॅप. सुरुवातीला शेताच्या बांधाने जायचं, मग ओढ्याच्या कोरड्या पात्रातून, मग एक खडा चढ, आणि मग मुरमाचा उतार ज्यावर मागच्या वर्षी मी पोचलेच नव्हते दुसऱ्यांदा. दुसऱ्या लॅपला बांधावर पुढच्या चाकातून सिक्‌ सिक्‌ सिक्‌ आवाज, आणि प्रत्येक फेऱ्याला माझ्या नडगीवर पांढरे थेंब. रंगपंचमीची पिचकारी. माझ्या पोटात गोळा, तोच बांध, त्याच शेळ्या, आजोबा मात्र नव्हते. मी थांबणार होते, ब्रेकवर बोटं गेलीही होती, पण दादाने बजावून ठेवलं होतं की थांबू नको, फिरवत राहा, चाक फिरलं तरच चीक भोकापर्यंत पोचतो. पंधरा-वीस फेऱ्यांत आवाज बंद. अंगठ्याने टायर दाबून बघितलं, थोडं मऊ, पण आहे. तशीच उरलेली रेस केली. पाचवी आले. नऊत पाचवी म्हणजे काही बातमी नाही पण माझ्यासाठी फिनिश लाईन बघणं हीच बातमी होती. घरी येऊन टायर धुतलं तर दोन्ही मिळून सात सराटे आणि एक बाभळीचा काटा आत मोडलेला. काटे मी उपटले नाहीत लगेच, उपटलं की परत पिचकारी, पाण्याच्या बादलीत धरून एकेक काढला आणि प्रत्येकानंतर चाक फिरवलं.

पण कोणी असं समजू नका की ट्यूबलेस म्हणजे अमरपट्टा. काटा, खिळा, बारीक चीर, साधारण पाच-सहा मिलिमीटरपर्यंत बंद होतं. साइडवॉल धारदार दगडाने कापली तर चीक नुसता वाहून जातो. तेव्हा प्लग लागतो, स्कूटरच्या ट्यूबलेसला पंक्चरवाले काका घालतात तीच चॉकलेटी चिकट दोरी, फक्त आपली बारीक, भोकात सुईने खुपसायची. तेही नाही जमलं तर व्हॉल्व्ह काढून आत साधी ट्यूब. म्हणून एक ट्यूब माझ्या सीटखालच्या पिशवीत अजूनही असते. हवा भरायला सीओटूचं नळकांडं वापरत असाल तर जपून, काही लॅटेक्स सीलंट त्या थंड गॅसने आतल्या आत गोठतं, मी मिनी पंपच ठेवते, हात दुखतात पण खात्रीचं.

आणि ज्यांना वाटतं महागडं सामान असलं की पंक्चर होत नाही त्यांनी पॅरिस ऑलिम्पिकची 2024 ची पुरुषांची माउंटन बाईक रेस बघावी. टॉम पिडकॉक, टोकियोचा गोल्ड मेडलिस्ट, जगातलं सगळ्यात भारी सामान, आणि रेसच्या मध्यावर पुढचं चाक पंक्चर. कोर्स होता एलाँकूरच्या टेकडीवर, पॅरिस भागातली सगळ्यात उंच जागा, उंची मोजून 231 मीटर, म्हणजे आपली वेताळ टेकडी बघून त्यांनी नमस्कार केला असता. वरती खडी अंथरलेली. क्रॉसकंट्रीत नियम असा की दुसऱ्याकडून चाक बदलून घ्यायचं तर ठरलेल्या टेक झोनमध्येच, मध्ये कुठेही नाही, त्यामुळे तो हवा गेलेल्या टायरवर तिथपर्यंत आला, चाक बदलून निघाला तेव्हा अर्ध्या मिनिटाहून जास्त मागे. मग एकेकाला गाठत शेवटच्या लॅपमध्ये फ्रान्सच्या कोरेट्स्कीला झाडांमध्ये आतून ओव्हरटेक मारला आणि 9 सेकंदांनी जिंकला, तेही फ्रेंच पब्लिकच्या शिव्या खात. मी ती रेस तीनदा बघितली आहे. नवरा म्हणतो तुला निकाल माहीत आहे ना? माहीत आहे. मी मेकॅनिकचे हात बघते.

आमच्या रेसला टेक झोन म्हणजे एक मंडप, त्यात पोहे आणि एक पंप, ज्याचं प्रेस्टाचं तोंड हरवलेलं.

आता तक्रारीचा भाग. तो आहे उन्हाळा. कंपन्या सांगतात सीलंट दोन ते सहा-सात महिने टिकतं, हवामानाप्रमाणे. आपलं हवामान म्हणजे एप्रिलमध्ये गॅलरीत पश्चिमेचं ऊन आणि पारा 38-39. मी मार्चमध्ये भरलं आणि सुट्टीत गावाला गेले, मे अखेरीस आले तर टायर सपाट, उघडलं तर आत ओलं काही नाहीच, कडेने पापुद्रे आणि लिंबाएवढा एक रबराचा गोळा जो चाकात गडगडत होता. पोराने त्याचा चेंडू केला. त्यात सीलंटचा काही दोष नाही, पाणी उडणारच. त्यामुळे उन्हाळ्यात सायकल सावलीत, आठवड्यातून एकदा चाकं फिरवायची, आणि दर दोन महिन्यांनी व्हॉल्व्हमधूनच सिरिंजने 40-50 मिली घालायचं, टायर उघडायला लागत नाही. चाक कानाशी धरून हलवा, आतून डबक डबक आवाज आला तर आहे, नाही आला तर भरा. ही दर दोन महिन्यांची कटकट ज्यांना नको त्यांनी सरळ ट्यूब वापरावी, त्यात कमीपणा काही नाही. महिन्यातून एकदा सिंहगड पायथ्यापर्यंत डांबरी रस्त्याने जाऊन भजी खाऊन येणाऱ्याला यातलं काहीही लागत नाही.

पावसाळ्याबद्दल वेगळं, ते ट्यूबलेसचं नाही, माझ्या निवडीचं. आयकॉन हे चिखलाचं टायर नाही, कोणी म्हणतही नाही तसं, आणि मी जुलैमध्ये मुळशीकडे काळ्या चिखलात घेऊन गेले. बारीक नॉब्ज दोन मिनिटांत भरले आणि चाकाचं मेदूवडं झालं. पडले, हसले, धुतलं. चिखलासाठी मोठ्या सुट्या नॉब्जचं टायर लागतं, पुढच्या पावसाळ्यात पुढे तसं लावून बघणार आहे.

खर्च विचारतात म्हणून: मला टायरची जोडी, टेप, दोन व्हॉल्व्ह, सीलंट, प्लग किट सगळं धरून तेरा हजारांच्या आत बसलं, त्यातली मोठी रक्कम टायरचीच. त्यानंतर वर्षाला एक-दोन बाटल्या. आधी दर महिन्याला दोन-तीन ट्यूब लागायच्या त्या वाचल्या हा हिशोब मी नवऱ्याला दाखवते, टायरची किंमत त्यात धरत नाही.

बारा गिअरची कॅसेट अजून घेतलेली नाही. दादा म्हणतो आता घे. पण परवा टायरच्या मधल्या पट्टीवर बोट फिरवलं तर मागचे नॉब्ज झिजलेत, काट्याला आत जायला रस्ता सोपा झालाय, आणि दिवाळी पंधरा दिवसांवर आलीये. बांधावरच्या पिवळ्या फुलांची फळं वाळायला लागली असणार. नवीन मागचं टायर ऑर्डर केलंय. टेप जुनीच ठेवणार, आणि खोबरेल स्वयंपाकघरात.